मागे चाळीस लिहा

मावशीला विनातिकीट प्रवास करताना पकडलं आणि तिला दंड झाला. पण असं काही झालंच नाही. निदान मावशी तरी तसंच सांगते, आणि एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या बाईचं म्हणणं आहे म्हटल्यावर आपणही तसंच धरून चालू.

तर, काहीच न झालेल्या त्या दिवशी दुपारी दोन वाजता मावशी परक्या देशातल्या एका बसथांब्यावर उभी होती. पर्समध्ये त्या देशाच्या कोऱ्या करकरीत नोटा होत्या. एक शंभराची, दोन दहाच्या. निघण्याआधी बँकेत दोन तास उभं राहून बदलून आणलेल्या. अडचण एवढीच होती, की त्या देशाच्या नोटा त्या देशात कुणालाच नको होत्या. बेकरीवाल्याने शंभराची नोट उलटसुलट करून पाहिली, "छान आहे" म्हणाला आणि परत दिली. फुटपाथवर व्हायोलिन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या टोपीत तिने दहाची नोट टाकली, तर तो वाजवणं अर्धवट सोडून तिच्यामागे धावत आला. "बाई, तुमचं काहीतरी पडलं!" त्याच्या पुढ्यात चौकटींचं चित्र असलेला एक पुठ्ठा होता. फोन त्याच्यासमोर धरायचा, की पैसे म्हाताऱ्याच्या खात्यात. मावशीच्या फोनला हे जमत नव्हतं, कारण त्यासाठी तिथलं बँक खातं लागे, आणि खात्यासाठी तिथला पत्ता लागे, आणि पत्ता सिद्ध करायला तिथल्या बँकेचं पत्र लागे.

मावशीला सव्वातीनच्या आत नोंदणी कार्यालयात पोचायचं होतं. तिथे तिच्या भाचीचं लग्न होतं. दोन साक्षीदार हवे, त्यातला एक मुलीच्या रक्ताच्या नात्यातला हवा, असा तिथला नियम होता. भाचीच्या रक्ताच्या नात्यात सगळं मिळून एकटी मावशी. भाची चार वर्षांची असताना तिला मावशीने घरी आणलं आणि वाढवलं. सव्वातीनची वेळ हुकली तर पुढची तारीख पाच महिन्यांनी होती. नवऱ्या मुलाचा त्या देशात राहण्याचा परवाना नऊ दिवसांत संपणार होता. मुलगा दारातून वाकून आत येण्याइतका उंच, म्हणून मावशीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव जिराफ ठेवलं होतं. आज लग्न झालं नाही तर जिराफाला बाडबिस्तरा गुंडाळावा लागणार होता.

कागद तपासायला म्हणून भाची आणि जिराफ सकाळीच पुढे गेले होते. तिथे लग्न करणाऱ्यांना आपले फोन दारातच जमा करावे लागत. जाताना भाचीने मावशीच्या हातात आपला बसचा पास दिला होता. "हा मशीनला लावायचा, टुंग वाजलं की बसायचं. एवढंच. आणि मावशी, प्लीज, आज काही करू नकोस."

"मी काय करणार?" मावशी म्हणाली होती.

मग भाची गेल्यावर तिने पास उलटा करून पाहिला. पुढे भाचीचा फोटो होता. मागे बारीक अक्षरात जे काही होतं, ते तिने फोनसमोर धरलं. भाचीने फोनमध्ये एक भाषांतर करणारी बाई बसवून दिली होती. कोरड्या सुरात ती म्हणाली, "हा पास अन्य व्यक्तीस वापरता येणार नाही."

एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या पासावर चढलेल्या किती जणांना मावशीने भर रस्त्यात उतरवलं, याची गणती नाही. त्यात एक नगरसेवक होता आणि एक तिचा स्वतःचा दीर होता. भाचीला लहानपणी ती बसमधून घेऊन जायची, तेव्हा तिचं अर्धं तिकीट स्वतःच्या पैशाने फाडायची आणि भाचीने ते हरवलं तर तिला रागवायची. मावशीने पास साखरेच्या डब्याखाली ठेवला, दार ओढलं आणि नोटा घेऊन निघाली.

पहिली बस दोन वाजून पाच मिनिटांनी आली. (इथून पुढची सगळी बोलणी फोनमधल्या बाईमार्फत झाली आहेत. तिला दरवेळी मध्ये आणत नाही.)

"एक द्या, नोंदणी कार्यालय," मावशीने दहाची नोट पुढे केली.

ड्रायव्हरने नोटेकडे पाहिलं, मग मावशीकडे. "रोख नाही चालत, बाई. बसा तशाच."

"तशाच म्हणजे?"

"तिकिटाशिवाय. कुणी बघत नाही."

मावशीचं डोकंच फिरलं. "कुणी बघत नाही? अहो, मी बघतेय की!" म्हणाली आणि उतरली.

दुसऱ्या बसच्या वेळी थांब्यावरच्या एका भल्या बाईने मावशीसाठी आपलं कार्ड मशीनला लावलं. मशीन लाल झालं. एका कार्डावर एकच माणूस, आणि ती बाई मशीनच्या मते आधीच चढलेली होती. "राहू दे ना, बसा," ड्रायव्हर म्हणाला. सगळी बस म्हणाली. मावशीने उतरून बसचं दार स्वतःच ढकलून लावायचा प्रयत्न केला, सवयीने. बस गेली.

आता मात्र मावशीने हिशेब मांडला. कार्यालय नऊ किलोमीटरवर आणि उजवा गुडघा एका किलोमीटरचा. टॅक्सी फोनवरूनच बोलवायची, म्हणजे पुन्हा बँक, पत्ता, पत्र. वेळेत पोचवणारी एकच बस उरली होती, दोन एकोणतीसची. दिसत होतं तिला सगळं. पोरगी उंबरठ्याकडे डोळे लावून बसली असेल आणि इथे आपण नियम कुरवाळत उभ्या. पण पाय उचलेना. एकतीस वर्षं लोकांना जे बोललो, ते काय उगीच?

तिसऱ्या बसची ड्रायव्हर बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मागे वाट पाहणाऱ्या मोटारींना हॉर्न वाजवू दिले आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. मावशीने पाटीसमोर फोन धरला. "विनातिकीट प्रवास केल्यास दंड साठ. कार्ड, फोन अथवा रोख."

रोख. तीन दिवसांत हा शब्द मावशीला ‘नाही’शिवाय पहिल्यांदा भेटला.

"तिकीट रोखीने नाही, पण दंड रोखीने?"

"दंडाचा कायदा जुना आहे," ड्रायव्हरबाई म्हणाली. "तो बदलायची बैठक दर वर्षी ठरते. पण बैठकीला लोक पोचत नाहीत."

"का?"

"बस उशिरा येते."

मावशीने क्षणभर डोळे मिटले आणि चढली. बस सुटली. पुढे सगळ्या सीट रिकाम्या होत्या, तरी ती दांडी धरून उभी राहिली. सीट तिकीटवाल्यांसाठी असते.

"चेकर कुठे चढतो?" तिने विचारलं.

"ह्या मार्गावर? महिन्यातून एकदा. ह्या महिन्याचा येऊन गेला."

"मग बोलवा त्याला!"

ड्रायव्हरबाईने वायरलेस उचलला. "कंट्रोल, इथे एका प्रवाशाचं दंडावरून चाललंय."

"देत नाहीये का?"

"मागतेय."

पलीकडे बराच वेळ खरखर. मग, "कुणाकडून?"

"आपल्याकडून."

चौथ्या थांब्यावर चेकर धापा टाकत चढला. पंचविशीतला पोरगा, शर्टाची घडी अजून मोडलेली नाही. "कोण आहे?" त्याने दरडावून विचारलं. मावशीने हात वर केला. त्याने कमरेचं मशीन पुढे केलं आणि मावशीने शंभराची नोट. पोरगा दोन पावलं मागे सरकला.

"रोख आहे ही."

"पाटी वाच."

पोराने पाटी वाचली. मग बॅगेच्या तळातून त्याने पावतीपुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं वेष्टन अजून फोडलेलं नव्हतं. पेन नव्हतं, ते मावशीने दिलं. कार्बन त्याने उलटा घातला आणि पावतीच्या पाठीवरच सगळं उमटलं.

"अरे, काळी बाजू खाली! दुसरी पावती घे. शिकवलं कुणी नाही तुला?"

"व्हिडिओ होता. पण त्यात पुढचं भाग दोनमध्ये होतं."

"लिही. तारीख. वेळ. कुठून कुठे. ‘कुठून’ सोडलंस, तर उद्या कुणी म्हणेल बाई आकाशातून पडली. खाली सही. हं, आता शिक्का."

पोराने शिक्का मारला आणि स्वतःच्या कामाकडे बघत राहिला. मागच्या सीटवरच्या दोघा प्रवाशांनी फोटो काढले. मग त्याचा चेहरा पडला. "मावशी, चाळीस परत द्यायचेत." फोनमधल्या बाईने दुसरंच काहीतरी संबोधन म्हटलं होतं, पण सूर मावशी म्हणाल्याचाच होता. "माझ्याकडे सुट्टे नाहीत. माझ्याकडे सुट्टे असे कधी नव्हतेच."

एकतीस वर्षं हे वाक्य मावशीने दिवसातून दोनशे वेळा म्हटलं होतं. ऐकून घ्यायची पाळी पहिलीच. त्यावरचा इलाजही तिला झोपेत ठाऊक होता.

"पावतीच्या मागे चाळीस लिही आणि सही कर."

"त्याने काय होतं?"

"त्याने तू मला चाळीस देणं लागतोस. तू नाही, तुझं सरकार."

पोराने चाळीस लिहिले, अक्षरी पण लिहिले, आणि आदराने दुसरा शिक्का मारला. मावशी मग सीटवर बसली. दंड भरल्यावर ती रीतसर प्रवासी होती.

तीन वाजून सहा मिनिटांनी ती कार्यालयाच्या पायऱ्यांवर होती. दारात भाची. चेहरा पांढराफटक.

"मावशी! मी दोन वेळा रडले! पास कुठाय?"

"साखरेच्या डब्याखाली."

"का?"

"तुझा फोटो आहे त्यावर."

भाचीने कपाळाला हात लावला. जिराफाने वरून सगळं पाहिलं आणि शहाण्यासारखं आतलं दार उघडून धरलं.

आतला कारकून सज्जन दिसत होता, म्हणजे नाही म्हणताना हसत होता. "साक्षीदार शुल्क पस्तीस. साक्षीदाराने स्वतःच्या कार्डाने भरायचं."

"मी भरते तिचे," भाची म्हणाली.

"नाही चालत. ज्याचं लग्न त्याने भरलं, तर साक्ष विकत घेतल्यासारखी होते." घड्याळात तीन दहा.

"रोख?" मावशीने विचारलं.

कारकून हसला. भाचीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. मावशी टेबलाला टेकली. मग तिने पर्स उघडली, पावती काढली, उलटी केली आणि कारकुनापुढे सरकवली. "हे तुमच्याच सरकारचं अक्षर ना?"

कारकुनाने पावती उजेडात धरली. हसू मावळलं. "‘प्रवाशास चाळीस देणे.’ दोन शिक्के आहेत." तो हळू आवाजात म्हणाला, "पण हे बस खातं. आमचं नोंदणी खातं."

"सरकार दोन आहेत का?"

"नाही," कारकून म्हणाला. "एकच असावं बहुतेक." तो उठला, कपाटाचा खालचा कप्पा ओढला, धूळ फुंकली आणि एक पिवळा कागद घेऊन आला. "खात्यातून खात्यात रक्कम वर्ग करण्याचा नमुना. बावीस वर्षं इथे आहे मी. ह्याच्यासाठी आजवर कुणी आलं नाही. मला वाटायचं, उगीच जागा अडवतोय." त्याने एकेक रकाना अशा मायेने भरला, की वाटावं लग्न त्याचंच आहे. तीन बारा. तीन तेरा.

"पाच उरतात तुमचे," तो म्हणाला आणि ओशाळला. "पण…"

"मागे लिहा," मावशी, भाची आणि जिराफ एका दमात म्हणाले.

तीन चौदाला मावशीने साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. भाचीने तिला अशी मिठी मारली, की फोनमधली बाई दाबली गेली आणि खिशातून कुणाला तरी परक्या भाषेत काहीतरी सांगू लागली. जिराफ वाकला आणि छताचा दिवा त्याच्या डोक्याला लागला नाही, ही त्या दिवसात नीट जुळून आलेली दुसरी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मावशीने बस कार्यालयाला अर्ज लिहिला. भाचीने तो तिकडच्या भाषेत करून पाठवला, एकही शब्द न बदलता, कारण मावशी शेजारी उभी होती.

"विषय: बसमध्ये माणूस नेमण्याबाबत. महोदय, अर्जदार ही आपल्या शहरात महिनाभर पाहुणी आहे. अर्जदारास कालच्या प्रवासात झालेला दंड मान्य नाही, मात्र पावती मान्य आहे. आपल्या बस वेळेवर नसल्या तरी स्वच्छ आहेत, ड्रायव्हर मायाळू आहेत. आपला चेकर होतकरू आहे, त्यास कार्बनची बाजू समजली आहे, तरी त्यास बढती मिळावी. परंतु दर प्रवासास साठ दंड भरणे पाहुण्यांस परवडत नाही आणि फुकट बसणे अर्जदाराच्या पायांस जमत नाही. सबब विनंती, की आपल्या प्रत्येक बसमध्ये रोख घेणारा, तिकीट फाडणारा व सुट्ट्यांवरून भांडणारा एक कंडक्टर तातडीने नेमण्यात यावा, आणि त्यातील एका जागेसाठी अर्जदाराचा वयाची अट बारा वर्षांनी शिथिल करून विचार व्हावा. शिट्टी व पंच अर्जदार स्वतःचे आणेल. कळावे."