तिसरा डाग

रिव्हॉल्व्हरले चिंच लावू नये, हे मी सावली गावात किती जणांले सांगतलं त्याची गिनती नाई. पाणी भराचा पितळेचा गुंड आहे का तो, चिंच लावून घासाले? निळं पॉलिश एकदा उडालं का गेलं. तेल लावा, मुरू द्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं हळूहळू पुसा. पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं मी हेच केलं. रिटायर झालो तरी लोक येतेतच.

काल सकाळी गोपालभाऊ आला. राइस मिलचा मालक. माझा अश्विन त्याच्याच मिलमध्ये सुपरवायजर आहे. लायसनचं रिव्हॉल्व्हर खाटेवर ठेवून म्हणे, "काल सांजच्याले धानात डुक्कर आलं होतं, लहानूभाऊ. हवेत एक गोळी झाडली. साफ करून द्या, पण रंग जाऊ देऊ नका. बापाची निशाणी आहे."

गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं. गोळी सुटली का चक्रातल्या तिच्या घराच्या तोंडाशी बारूदीचा काळा गोल डाग बसते. एक गोळी, एक डाग. इथी डाग तीन होते.

तवाच विचाराले पायजे होतं. पण हात सवयीचे गुलाम. तेल लावलं, चहा झाला, पुसत बसलो. दोन डाग गेले, खालचा निळा रंग जसाच्या तसा. तिसऱ्याले फडकं लावलं तसा गोपालभाऊ म्हणाला, "तो राहू द्या."

तीस वर्षांत मळ राहू द्या म्हणणारा माणूस मले भेटला नाई. तरी अश्विनची नोकरी आठवली अन् तो डाग तसाच ठेवून रिव्हॉल्व्हर परत दिलं. भेकड, दुसरं काय.

आज दुपारी गावातली सुकरी आली. तिचा नवरा बुधू गडचिरोलीच्या दवाखान्यात पडला आहे, मांडीत गोळी. परवा सांजच्याले त्याची गाय गोपालभाऊच्या धानात घुसली होती, तिले हाकलाले गेला होता.

"हे म्हणतेत गोपालभाऊनं तीन गोळ्या झाडल्या," सुकरी उंबऱ्यावर बसत बोलली. "मी पळून राह्यलो होतो, तरी झाडल्या म्हणतेत. पोलीस म्हणतेत एकच सुटली, चुकून लागली. रिव्हॉल्व्हरवर एकच डाग आहे म्हणे."

एक गोळी चुकून लागते. पळणाऱ्या माणसामागं तीन गोळ्या चुकून सुटत नाईत.

"तुमी त्यातले जाणकार," ती म्हणाली. "डाग खोटं बोलते का, भाऊ?"

मिलचा भोंगा वाजला. आता अश्विन जेवाले येईन. तेलाच्या डब्याखालचं फडकं मी काढलं. त्याच्यावर दोन काळे ठिपके होते. ते खिशात घातलं अन् चपला पायात सरकवल्या.

"डाग खोटं बोलत नाई, बाई," मी म्हणालो. "तीन होते. दोन म्या पुसले. चाल ठाण्यात."