आवाज गेल्यावरचं गाणं

ताडकळसच्या लिंबाजीच्या गळ्यातली गाठ मोठ्या दवाखान्यात काढली, तेव्हा गाठीबरोबर त्याचा आवाजही गेला. गळ्याला एक छिद्र राहिलं, त्यातून श्वास चालायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट.

त्याआधी लिंबाजीच्या गायनपार्टीशिवाय आसपासच्या गावांत जयंती होत नव्हती. पार झरी-वालूरहून बोलावणं यायचं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि राबता राबता गाणं जुळवायचं, असं त्याचं चालायचं. शाळेची पायरी तो चढला नव्हता. गाणं गळ्यातच जुळायचं आणि गळ्यातच राहायचं.

आवाज गेला तसं गाणंही थांबलं असतं तर सुटला असता. पण ओळी येतच राहिल्या. बैलाला पाणी दाखवताना, घास मोडताना. बाहेर पडायला वाट नाही म्हणून आतल्या आत घुमत राहायच्या. मग तो भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. बायको पंचफुला ते डोकं दोन्ही हातांनी धरून बसायची.

जयंतीला पार्टीतला ढोलकीवाला बन्सीधर त्याचीच गाणी गायला. चांगला गायला. कार्यक्रम संपल्यावर लिंबाजीनं त्याला बाजूला ओढलं, ओठ हलवले, मांडीवर ठेका धरला, हातवारे केले. नवं गाणं होतं. बन्सीधरला काहीच उमगेना. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या दादा. तुमची जुनीच गाणी लय हायेत. आमाला जलमभर पुरतेत."

घरी येऊन लिंबाजीनं खुरप्यानं पेटीचा भाता फाडला आणि तो विहिरीकडं निघाला. पंचफुला मागं धावली. काठावर तिनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि सोडलीच नाही.

"मला सांगा काय हाय ते," ती धापा टाकत म्हणाली. "मी बगते तुमच्या तोंडाकडं."

त्यानं मान हलवली. हिनं कधी गाण्याची एक ओळ म्हटली नव्हती.

"न्हाई कळलं तर पुन्यांदा विचारीन. पर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघं दारात समोरासमोर बसले. तो नुसत्या ओठांनी 'पाणी' म्हणायचा, ती 'बाणी' म्हणायची. तो कपाळावर हात मारून उठून जायचा आणि परत येऊन बसायचा. उन्हं अंगणभर पसरली तेव्हा कुठं तिच्या तोंडून एक सबंध ओळ निघाली.

"माझ्या बायच्या पायाला भेगा पडल्या रानाच्या."

तो 'मायच्या' म्हणाला होता. ओठांवर दोन्ही सारखंच दिसतं. नाही म्हणायला त्यानं हात उचलला, तर पंचफुला आपल्याच टाचांकडं बघत होती.

"माजं गाणं केलंय व्हय?"

त्याचा हात तसाच राहिला. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

तिनं टाचा लुगड्याखाली ओढून घेतल्या. मग लाजत म्हणाली, "किती झाकू लुगड्यानं, गोष्टी सांगत्यात उन्हाच्या."

लिंबाजीचे खांदे गदगदा हलू लागले. गळ्याच्या छिद्रातून फसफस हवा निघू लागली. "अवं, काय व्हायलंय?" ती घाबरून उठली. मग तिला दिसलं, तो हसत होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मांडीवर ठेका धरून पुढची ओळ मागत होता.

पावसाळ्यात ते गाणं पुरं झालं. निंदणीच्या बाया ते म्हणू लागल्या. मग दुसरं धरलं. ते अर्ध्यात असतानाच गाठ परत आली.

शेवटी ओठही नीट हलेनात. पंचफुला तोंडाजवळ तोंड नेऊन बसायची. हा शब्द का, तो शब्द का, विचारायची. तो नाही म्हणायचा, पण आता चिडायचा नाही. तिच्या मनगटावर बोटांनी ठेका धरून पुन्हा सांगायचा.

"पुन्यांदा म्हना," ती म्हणायची.

तो पुन्हा म्हणायचा. बोटं थांबली तेव्हाही ती त्याच्या ओठांकडंच बघत होती. ती ओळ कोणती होती, ते तिला कळलं नाही.