उंबरठ्या आणि छत्रीवाली बाई

खारू अग्निशमन दलात होती. धुराने भरलेल्या जिन्यातून ती माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणायची. एकदा तर तापलेला गॅस सिलिंडर ओल्या पोत्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा उराशी धरून खाली घेऊन आली होती. लहानपणी खारीसारखी तुरुतुरु पळायची म्हणून घरात पडलेलं नाव दलातही तिला चिकटलं होतं, पण तिच्या हाताखालचे धिप्पाड गडी ते अदबीनेच घ्यायचे. "आमच्या खारूताईला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही," असं ते नव्या भरतीला सांगत.

ते खोटं होतं. खारूला एका गोष्टीची भीती वाटायची, आणि ती गोष्ट टीव्हीवर होती.

ती बालवाडीत होती तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी लहान मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. गाणी, चित्रं, कागदाच्या टोप्या, असला सगळा गोडगोड कारभार. पण मध्येच गाणं थांबायचं, दिवे मंद व्हायचे आणि एक दार करकरत उघडायचं. दारात एक लांबलचक माणूस उभा. काळा कोट, पांढराफटक चेहरा, आणि बोटं इतकी लांब की गुडघ्यांना टेकावीत. तो आत कधीच यायचा नाही. उंबरठ्यावर उभा राहून, मान एका बाजूला कलती करून, अगदी मऊ आवाजात एवढंच विचारायचा, "आत... येऊ?"

पडद्यावरची मुलं एका सुरात "नाही!" ओरडली की दार धाडकन बंद. उंबरठ्यावर उभा राहतो म्हणून त्याचं नाव उंबरठ्या. अनोळखी माणसाला घरात घेऊ नये, हे मुलांनी शिकावं अशी कार्यक्रमवाल्यांची योजना होती. मुलं शिकली. इतकं पक्कं शिकली की कामावरून दमून आलेल्या स्वतःच्या बापालाही दार उघडेनात.

खारू हा कार्यक्रम जेवणाच्या टेबलाखालून, एका डोळ्याने बघायची. न बघणं हा उपाय तिला सुचला नाही, कारण आपण बघत नसताना तो आत आला तर? रात्री ती दाराकडे तोंड करून बसून राहायची. महिनाभर हे चालल्यावर तिची आई उठली. आई शाळेत गणित शिकवायची. तिने गल्लीतल्या चार बायका जमवल्या, छत्री उचलली आणि थेट टीव्ही केंद्रात जाऊन असा काही आवाज लावला की पुढच्या गुरुवारपासून उंबरठ्या गायब. त्याच्या जागी एक कापडी ससा आला आणि दात कसे घासावेत ते सांगू लागला.

खारू मोठी झाली. पण हॉटेलात ती कधी दाराकडे पाठ करून बसली नाही.

पुढे तिचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एका इमारतीत लिफ्ट अडकली, खारूच्या तुकडीने दार कापून माणसं काढली, आणि सगळं आटोपल्यावर हे गृहस्थ हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. "दार कशाला कापलंत? मी आलोच असतो की," असं तो म्हणाला, आणि खारूने त्याला जे सुनावलं ते ऐकून तो तिच्या प्रेमात पडला. खारू त्याला लिफ्टवालाच म्हणायची.

घरच्यांशी ओळख करून द्यायला त्याने तिला रविवारी सकाळी घरी नेलं.

"बाबा अगदी साधे आहेत," तो वाटेत म्हणाला. "रंगाचं दुकान आहे. पूर्वी टीव्हीवर काहीतरी छोटीमोठी कामं करायचे म्हणे. मी तेव्हा पाळण्यात होतो."

घरात त्याची आई एकटीच होती. तिने नुकतीच फरशी पुसून घेतली होती. खारूला तिने सोफ्यावर बसवलं, हातात चहाचा कप दिला, आणि आगीत जाताना केस कसे सांभाळतेस, असा अत्यंत कामाचा प्रश्न विचारला. खारू उत्तर देणार, तोच दाराची कडी वाजली. बाबा दुकानातून आले होते. बुटांना रंग लागलेला, फरशी ओली. बायकोचा धाक असलेला कुठलाही नवरा अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं. ते उंबरठ्यावर थांबले, मान कलती केली आणि मऊ आवाजात विचारलं,

"आत... येऊ?"

पुढचं कसं घडलं ते खारूला नीट आठवत नाही. लिफ्टवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ती बसल्या जागेवरून उडाली आणि सोफ्याच्या पाठीवरून पलीकडे गेली. कप एकीकडे, बशी एकीकडे. ती पुन्हा दिसली तेव्हा तिच्या हातात पितळी फुलदाणी होती आणि ती फेकायच्या पवित्र्यात होती.

"अगं बाई! झुरळ आलं का?" लिफ्टवाल्याची आई ओरडली.

खारूचं बोट दाराकडे होतं. "उं... उंबरठ्या!"

दारातला माणूस जागच्या जागी थिजला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ओल्या फरशीचं भान न ठेवता तो रंगीत बुटांनिशी तरातरा आत आला.

"ऐकलंस का गं? हिने ओळखलं! नुसत्या आवाजावरून!" मग खारूकडे वळून, "खरंच घाबरलीस, पोरी? म्हणजे मनापासून?"

"काका, अजून माझे पाय लटपटतायत."

"वा! वा!" बाबांचे डोळे पाणावले. "इतकी वर्षं दुकानात बसतोय, एका गिऱ्हाइकाने ओळखलं नाही. घरच्यांना तर त्याचं काही कौतुकच नाही. बस, बस, तू इथे बस. तिला दुसरा चहा दे गं."

खारू बसली, पण फुलदाणी तिने मांडीवरच ठेवली. मेकअप आणि कोट काढलेला उंबरठ्या हा टकलावर निळ्या रंगाचा शिंतोडा असलेला एक गरीब म्हातारा होता. त्याची बोटंही चारचौघांसारखीच होती.

"बोटं पुठ्ठ्याची होती," तो अभिमानाने सांगू लागला. "मीच केलेली. आणि आवाज आमच्या गणिताच्या मास्तरांचा. ते वर्गात असेच हळू बोलायचे, आणि आम्ही गार पडायचो. फार मनापासून केलं होतं मी ते काम."

"मग सोडलं का, काका?"

बाबांचा चेहरा पडला. "सोडलं नाही. सोडायला लावलं. एक बाई आली होती केंद्रावर. छत्रीवाली. काय तिचा आवाज! साहेबाच्या टेबलावर छत्री आपटत होती. मी मेकअपच्या खोलीत होतो. सांगायला लाज वाटते, पण मी पडद्यामागे जाऊन लपलो. ती गेल्यावर साहेब म्हणाला, उद्यापासून ससा. सशाच्या कापडात शिरायला सांगितलं मला. मी म्हटलं, त्यापेक्षा रंग विकेन."

खारूने नव्या कपातला चहा एका घोटात संपवला. तिची जीभ पोळली, पण तेवढा वेळ तोंड बंद राहिलं.

खाली आल्यावर तिने लिफ्टवाल्याचा दंड धरला. "ती बाई माझी आई आहे."

लिफ्टवाला आधी हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. "पुढच्या रविवारी त्या आमच्याकडे येतायत ना?"

"हो."

"छत्री घेऊन?"

"ती छत्रीशिवाय कुठेच जात नाही. ऊन असो, पाऊस असो."

दोघांनी ठरवलं की कोणीच कोणाला काही सांगायचं नाही. लिफ्टवाल्याने बाबांना एवढंच बजावलं, की तुम्ही टीव्ही केंद्रात विजेच्या विभागात होता असं सांगा आणि मान कृपा करून सरळ ठेवा. बाबा हिरमुसले, पण कबूल झाले.

रविवारी दार उघडंच ठेवलं होतं. बाबांनी नवा शर्ट घातला होता आणि बिस्किटांचा ट्रे हातात धरून ते सज्ज उभे होते. जिन्यात पावलं वाजली. दारात खारूची आई येऊन उभी राहिली, दम खायला थांबली, छत्रीचं टोक तिने फरशीवर ठक्कन आपटलं आणि विचारलं,

"आत येऊ का?"

ट्रे खाली आला. बिस्किटं सोफ्याखाली घरंगळली. आणि बाबा दोन ढांगांत खिडकीच्या पडद्यामागे गेले.

पडद्याखाली बाबांच्या चपला दिसत होत्या.

"यांना बरं नाही का?" आईने विचारलं.

"बाबा थोडे... लाजाळू आहेत," लिफ्टवाला म्हणाला.

आईने तीसेक वर्षं वर्गात काढली होती. पडदे, बाकं, दारामागच्या जागा, कोण कुठे लपतं हे तिला पाठ होतं. ती सरळ चालत गेली आणि तिने पडदा बाजूला सारला. "का हो, काय झालं?"

बाबा आता कोंडीत सापडलेल्या मांजरासारखे उलटले. "तुम्ही माझं काम घालवलंत!" ते ओरडले. "टीव्ही केंद्र! छत्री! आठवतंय का? मी उंबरठ्या!"

आईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग वळून खारूकडे बघितलं. खारू छताकडे बघत होती.

"तुला माहीत होतं," आई म्हणाली.

"मागच्या रविवारपासून."

"बरं." आई पुन्हा बाबांकडे वळली. "तर तुम्ही ते. तुम्ही माझ्या मुलीची झोप घालवलीत त्याचं काय?"

"मी मुलांना शहाणं करत होतो! अनोळखी माणसाला दार उघडू नका, यात काय चुकलं? तुम्ही माझा एक तरी भाग नीट बघितला होता का?"

आईने पहिल्यांदाच छत्री खाली ठेवली. "नाही."

"एकही नाही?"

"गुरुवारी मला पेपर तपासायचे असत."

"अगं आई!" खारू म्हणाली. "न बघताच तू केंद्रावर गेलीस?"

"मला काय बघायचं होतं? पोर टेबलाखाली थरथर कापत होती. ते बघितलं, तेवढं पुरे झालं. रात्र रात्र दाराकडे डोळे लावून बसायची. मी झोप म्हटलं की म्हणायची, तू झोप, मी राखण करते. पाच वर्षांची होती हो ती."

इतकी वर्षं बाबांच्या डोळ्यांपुढे फक्त छत्री होती. छत्रीमागे कुठेतरी एक मूल जागं बसलं असेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. ते खारूजवळ आले. "मागच्या रविवारी मी वा वा म्हणालो ते मागे घेतो, पोरी. तुम्ही सगळी ओरडत असाल, हसत असाल, असं मला वाटायचं."

"ओरडत होतोच की, काका," खारू म्हणाली. "आणि मी आजतागायत कोणा अनोळखी माणसाला दार उघडलेलं नाही."

लिफ्टवाल्याची आई एवढा वेळ वाकून सोफ्याखालची बिस्किटं गोळा करत होती. ती कमरेवर हात ठेवून उठली. "अहो, तुमची ती कॅसेट कपाटात धूळ खात पडलीय. आधी सगळे मिळून बघा आणि मग काय भांडायचं ते भांडा. चहा होईतो माझ्याही डोक्याला शांतता."

लिफ्टवाल्याने जुना व्हिडिओ प्लेअर काढला, झटकला, दोन थपडा मारल्या. तो सुरू झाला. आई सोफ्यावर मधोमध बसली, पेपर तपासायला बसावं तशी ताठ. खारू सवयीने सोफ्यामागे उभी राहिली.

गाणं थांबलं. दिवे मंद झाले. दार करकरलं. खारूने एक डोळा मिटला, आणि दुसऱ्या डोळ्याला जे दिसलं ते तिला लहानपणी कधी दिसलंच नव्हतं. दार पुठ्ठ्याचं होतं आणि ते पडू नये म्हणून मागून कोणीतरी धरलं होतं. त्याची चार बोटं कडेने स्पष्ट दिसत होती. उंबरठ्याच्या काळ्या कोटाखाली पिवळे मोजे होते. "आत..." म्हणताना त्याचं एक लांब बोट गळून खाली पडलं, तर त्याने ते हळूच पायाने बाजूला सरकवलं.

खारूला हसू फुटलं. लिफ्टवाला तर जमिनीवर लोळायलाच लागला. "बाबा, मोजे!"

"कॅमेऱ्यात पाय येणार नाहीत म्हणाले होते," बाबा ओशाळून म्हणाले, आणि तेही हसू लागले.

फक्त आई हसत नव्हती. तिने सोफ्यावरची उशी कधी उचलून छातीशी धरली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बंद करा ते," ती म्हणाली.

"आई, अगं बघ तरी, ते बोट—"

"बंद करा म्हणते ना! आणि आधी ते बाहेरचं दार लावा. उघडं काय ठेवलंय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. बाबा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते पुढे झुकून हळुवारपणे म्हणाले, "बाई, घाबरू नका. मी इथे बसलोय ना."

"तुम्ही इथे बसलाय ते दिसतंय मला!" आई म्हणाली. "पण तो तिथे आहे ना!"

बाबांनी उठून टीव्ही बंद केला, दार लावलं, कडी घातली आणि आईला आपल्या हाताने पाणी आणून दिलं. नाटकाच्या शेवटी पडदा पडताना नट वाकतात तसे ते ग्लास देताना किंचित वाकले. आई पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे मी गेले होते ते बरोबरच होतं."

"अगदी बरोबर होतं," बाबा खूश होऊन म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो."

त्यानंतर सगळं भराभर झालं. चहा आला, उचललेलीच बिस्किटं पुन्हा ट्रेमध्ये आली, आणि चहा संपायच्या आत लग्नाचा महिना ठरला. आईने एकच अट घातली, की मुलं झाली तर ती कॅसेट त्यांच्या हाती लागता कामा नये. बाबांनी ती आनंदाने मान्य केली, आणि निघताना तिला खाली सोडायला येऊ का, असंही विचारलं.

"तुम्ही नको," आई घाईने म्हणाली. "खारू येईल."

लिफ्ट बंद होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच इमारतीतली लिफ्ट कायम बंद असते, त्याला काही इलाज नाही. जिन्यात उजेड बेताचाच. आईने एका हातात छत्री घेतली आणि दुसऱ्या हाताने खारूच्या दंडाला धरलं.

"गुडघे दुखतात," ती म्हणाली.

"हो, आई."

पुढच्या मजल्यावर एक दार करकरत उघडलं आणि हातात कचऱ्याची बादली घेतलेल्या एक आजी बाहेर डोकावल्या. आईची पावलं जागीच थबकली.

"आई, शेजारच्या आजी आहेत त्या."

"मला दिसतंय," आई म्हणाली, आणि तिने खारूचा दंड आणखी घट्ट धरला. "तू पुढे हो."