मोहाचा केक

आपल्या लेकीच्या, मैत्रीच्या, तिसऱ्या वाढदिवसाला रिनाने जुन्या पद्धतीचा चॉकलेट केक करायला घेतला. साखरेऐवजी तिने डब्यातली सुकी मोहफुलं भिजवून, वाटून घातली होती. कुकरमध्ये केक फुगू लागला, तसा गोड वास पार परसात गेला.

“मागचं दार लाव रिना,” उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडता निवडता सासू गिरजाबाई म्हणाल्या. “मोहाच्या वासानं अस्वल येते. त्याले काय केकची दावत द्यायची हाय?”

“दार लावलं तर मैत्री दिसत नाई मले, आई.”

पोर परसात मातीत खेळत होती. रिनाची नजर तिच्यावरच होती, म्हणून कुंपण मोडून आत शिरलेलं अस्वल आधी तिलाच दिसलं. तिने किंकाळी फोडली.

गिरजाबाई उठून परसात धावल्या आणि अस्वल व पोर यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. अस्वलाने एका पंजात त्यांच्या गालाचं कातडं सोललं. रिनाने गॅसवरचा रसरसता कुकर उघड्या हातांनी उचलला, परसात धावली आणि अस्वलाच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला, नाकाड फुटेपर्यंत. तळहातांची साल कुकरला चिकटली. झाकण उडालं, केक मातीत पडला आणि ते जनावर रक्ताळल्या जिभेने तो चाटू लागलं.

तेवढ्यात रिनाने दोघींना आत ओढलं आणि पाठीने दार रेटलं.

“पोरीले पाह्य आधी,” गिरजाबाई पुटपुटल्या.

पोरीला ओरखडाही नव्हता. रिनाने भाजल्या हातांनी सासूचा लोंबता गाल जागेवर दाबून धरला.

“चुकलं माझं, आई.”

“बोलू नको. दाब अजून.”