घरचा दर

“गुंडू, बल्ब जरा खाली सोड.”

बाळासोचा आवाज टाकीतून वर आला तो चारी भिंतींवर आपटून. वर झाकणाशी उकिडवा बसलेल्या गुंडूनं वायर हातभर सोडली.

“दाजी, किती ऱ्हायलंय? ऊन चढाय लागलं.”

“मग सावलीला सरक की. तुला कुणी बांधून घातलंय?”

“मी सरकलो आनि तुम्ही आत गपगार झालासा, तर आक्का मला घरात घील व्हय?”

आक्का म्हणजे ललिता, बाळासोची बायको आणि गुंडूची थोरली बहीण. नवरा टाकीत असेपर्यंत भावानं तोंडाशेजारून हलायचं नाही, ही तिची अट होती. दोन वर्षांपूर्वी ब्लिचिंग पावडरीच्या वाफेनं बाळासोला आतच भोवळ आली होती. तेव्हापासून त्याला जिना चढताना दम लागायचा आणि पहाटे खोकला उठवायचा. डॉक्टरनं टाकीत उतरणं बंद करा म्हणून सांगितलं होतं. उतरणं बंद करून खायचं काय, ते सांगितलं नव्हतं.

एप्रिल २००६. रुईकर कॉलनीतल्या चनबसाप्पांच्या बंगल्याची जमिनीखालची पाच हजार लिटरची टाकी. सकाळी सहाला मोटर लावून पाणी उपसलं होतं, तळाचं वीतभर बादलीनं काढलं होतं. आता भिंती घासून झाल्या होत्या आणि बाळासो गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांतला गाळ नारळाच्या ब्रशानं उकरत होता. या टाकीचा एकेक सांधा त्याच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं तो इथं उतरत होता.

कबनूरच्या यंत्रमागांवरचं काम गेलं तेव्हा तो कोल्हापूरला आला आणि या धंद्यात पडला. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखा तोही लिटरवर दर सांगायचा. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची दोन हजार लिटरची टाकी त्यानं तशीच घेतली आणि उतरल्यावर कळलं, घर बांधल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती. मांडीइतका गाळ होता. तीन दिवस गेले आणि एका दिवसाचे पैसे हातात आले. तेव्हापासून लिटर कुणी सांगितले तरी तो ऐकून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. तो घरी जायचा, झाकणाशी पालथा पडायचा, वास घ्यायचा, हात आत घालून भिंतीवरनं बोट फिरवायचा. शेवाळ बोटाला लागलं तर एक दर, बोट घसरलं तर दुसरा. झाकण किती रुंद, खांदे आडवे जातात की तिरके, तेही बघायचा. मग उठून एकच आकडा सांगायचा.

“काय तरी कमी करा की,” त्या त्या घरच्या वहिनी म्हणायच्या.

“वैनी, खाली उतरायच्या आधी सांगितलेला दर वर आल्यावर वाढवत न्हाई मी. मग आधी कमी कसा करू?”

बहुतेक जण ऐकायचे. अशा टाकीला आजकाल त्याचा दर चारशे होता. चनबसाप्पांचा दीडशे.

हा दीडशेचा दर बोटानं ठरला नव्हता. पहिल्या वर्षी तो या बंगल्यात आला तेव्हा पोर्चमध्ये चनबसाप्पांची आई, मल्लव्वा, घरातल्या सगळ्यांची अव्वा, खुर्ची टाकून बसली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “कुणाचा रं तू?” बाळासोनं लपवलं नाही. बौद्ध म्हणून सांगितलं. म्हातारीनं नुसती मान हलवली. काम झाल्यावर चनबसाप्पा स्वतः चहा घेऊन आले, घरातल्याच कपबशीत, आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसून त्यांनी आपलाही कप बशीत ओतला. लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान असलेला माणूस. “किती द्यायचं रे बाळू?” त्यांनी विचारलं. दर अडीचशे सांगायचा ठरला होता. बाळासोच्या तोंडून दीडशे गेलं. पुढं बाहेरचा दर वाढत गेला, हा तिथंच राहिला. बाळासोची मुलगी दीक्षा दहावी पास झाली तेव्हा चनबसाप्पांनी पेढ्यांचा पुडा दिला होता. पाच-सहा घरं त्यांच्याच शब्दानं मिळाली होती. ललिता दर वर्षी म्हणायची, “त्यांस्नी घरचा दर. आनि आपल्या घराला कुठला दर?” बाळासो हसून सोडून द्यायचा.

“बाळासोकाका, जरा वर येता का?” झाकणात चनबसाप्पांच्या मुलाचं, सोमशेखरचं डोकं दिसलं. “कागद तयार केलाय.”

बाळासोनं ब्रश बादलीत टाकला. याच कागदासाठी रात्री ललिता दोनदा उठून बसली होती. सोमशेखर इंजिनिअर होता. त्यानं उचगाव रस्त्याला दोन इमारती उठवल्या होत्या. लहानमोठ्या मिळून बत्तीस टाक्या, वर्षातून दोनदा धुवायच्या, तीन वर्षांचा करार. ते काम मिळालं तर बाळासो गाळ ओढायचं मशीन घेणार होता, दोन माणसं लावणार होता आणि स्वतः वर बसणार होता. “मिळतंय म्हणून दर पाडू नका,” निघताना ललितानं बजावलं होतं. “छातीचा इचार करा.”

तो वर आला, पंच्यानं तोंड पुसलं आणि पोर्चच्या पायरीवर बसला. चनबसाप्पा खुर्चीत होते. सत्तरीला आले होते आता. सून चहा ठेवून गेली. सोमशेखरनं कॉम्प्युटरवर काढलेला कागद मांडीवर घेतला.

“काका, घरच्या टाकीवरनं सुरुवात करू. दीडशे.”

“त्यो घरचा दर हाय, सोमू. बाहेर चारशे.”

“तेच सांगतोय. बाहेरचा माणूस चारशे घेतो, वर टँकरचे तीनशे. सातशे झाले. तुम्ही दीडशे घेता, पण आम्हाला टँकर दोन लागतात. साडेसातशे.” तो हसला. “म्हणजे घरचा दर पन्नास रुपयांनी महाग पडला की हो काका.”

गुंडूही हसला. बाळासोला वाटलं, पोरानं बेरीज चुकवली.

“दोन कशाला? पाच हजाराची टाकी, पाच हजाराचा टँकर. एकात भरती.”

“मला पण तेच कळेना. चार वर्षांची बिलं काढली मी. दर वेळी दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिलं पाणी मोटर लावून गटारीला सोडतात म्हणे.” तो वडिलांकडे वळला. “अण्णा, पहिलं पाणी का सोडतो आपण?”

चनबसाप्पांनी कप उचलला. चहा अजून गरम होता, तरी ते त्यावर फुंकर न घालता प्यायले.

“पावडरचा वास मारतोय,” ते म्हणाले.

सोमशेखरनं कागदावर काहीतरी टिपलं. “मग सोसायटीत ते चालणार नाही. लोक बोंबलतील. बत्तीस टाक्यांना जादा पाणी म्हणजे... काका, तुमच्या दरात मला ते धरावं लागेल. वास राहत असेल तर कामातच कमी पडतंय ना कुठंतरी?”

बाळासो चनबसाप्पांकडे बघत होता. ते समोरच्या तगरीकडे बघत होते.

पावडर लावल्यावर बाळासो टाकी तीनदा धुवायचा. प्रत्येक वेळी तळाचं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळायचा. तिसऱ्यांदा फडकं पिळलं की नाकाशी धरायचा. हे चनबसाप्पांनी झाकणाशी उभं राहून बघितलं होतं. एकदा नव्हे, किती वेळा. आणि भरलेल्या टाकीतला पहिला तांब्या दर वर्षी बाळासो इथंच, या पायरीवर पिऊन दाखवायचा. “घ्या अण्णा, बगा,” म्हणायचा. आपल्यानंतर त्यातलं कुणी प्यालेलं त्याला आठवेना. त्याचं कधी त्याकडं लक्षच गेलं नव्हतं.

नुसतं “व्हय” म्हणायचं होतं. वास राहतो कधीकधी, या वेळेपासून पावडर कमी टाकतो. पोराचा कागद पुढं सरकला असता. म्हाताऱ्याची मुलासमोर लाज राहिली असती. दर तीनशेवर आला असता, तरी मशीन झालं असतं. चनबसाप्पा त्याच एका शब्दाची वाट बघत होते, हे बाळासोला त्यांच्या मानेवरनं कळत होतं.

“माझ्या कामाला दुसरं पानी लागत न्हाई,” तो म्हणाला.

“मग अण्णा म्हणतात ते?”

“ते अण्णांस्नीच इचार.”

सोमशेखरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. गुंडूनं टाकीच्या तोंडाशी बसल्या बसल्या वायर गुंडाळायला घेतली आणि परत सोडली.

“अव्वाच्या वेळेपासनं चालत आलंय ते,” चनबसाप्पा शेवटी म्हणाले. आवाज खाली गेला होता. “जुनं माणूस. तिचं देवाचं पाणी, पूजा... ती ऐकंना. मी म्हटलं, जाऊ दे, तीनशे रुपयांनी घरात शांतता राहतीया. बाळूला कशाला सांगायचं, त्याला उगाच वाईट वाटंल.”

सोमशेखरच्या हातातलं पेन थांबलं. त्याला आता कळलं होतं. चेहरा मानेपर्यंत लाल झाला.

बाळासोला म्हातारी आठवली. शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं. पायांचा आवाज ऐकून ती विचारायची, टाकीवाला आला काय रं. ती गेली तेव्हा तो ललिताला घेऊन दुखवट्याला बसायला आला होता. दिवाळीच्या आधीची गोष्ट.

“अण्णा,” तो म्हणाला, “अव्वा जाऊन तीन वरसं होतील की या दिवाळीला.”

चनबसाप्पांनी रिकामा कप बशीत फिरवला.

“गेल्या साली पन दोनच टँकर?”

“गेल्या साली पण,” उत्तर सोमशेखरनं दिलं, कागदाकडे बघत. त्याच्या बेरजेत ते होतंच.

“सवय रे बाळू,” चनबसाप्पा म्हणाले. “हात आपोआप फोनकडं जातो. माझ्या मनात तसलं काही न्हाई. तुझ्याशेजारी बसून चहा पितो की मी.”

“पिता की,” बाळासो म्हणाला. टोमणा नव्हता. खरंच होतं ते.

त्याला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. तो मनात दुसरंच काहीतरी मोजत होता. नऊ वर्षं दर वेळी शे-दोनशे, पुढं अडीचशे रुपये त्यानं सोडले होते. कशासाठी, ते त्यानं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एका कपबशीसाठी. आणि तो निघून गेल्यावर संध्याकाळी इथं मोटर सुरू व्हायची.

“काका,” सोमशेखर म्हणाला, “सोडा हे सगळं. बत्तीस टाक्या तुमच्याच. दर तुम्ही सांगाल तो. चारशे नको, पाचशे धरू. मी आत्ता सही करतो.”

बाळासोनं कोणत्याही टाकीचा दर बोट फिरवून सांगितला असता. वरच्या या शंभराला कुठं बोट लावायचं, ते त्याला कळेना.

“चारशेचं काम हाय ते, सोमू.”

“मग चारशे.”

“न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी दे.” तो उठला. गुडघा धरला होता, म्हणून जरा थांबला. “बत्तीस टाक्या. माझ्या माघारी कोन पानी सोडतंय आनि कोन पितंय, ते मी दर खेपंला बगत बसू व्हय? आजवर बगत नव्हतो, ते बरं हुतं.”

“काका, असं करू नका. तुमची तब्येत—”

“तब्येतीचं मी बगतो.”

टाकीच्या तोंडाशी गुंडूनं दोरी त्याच्या हातात दिली. कानाशी वाकून म्हणाला, “दाजी, बत्तीस टाक्या. आक्काला कोन सांगनार?”

“तू सांग.”

“मला मारंल ती.”

“मग दोघं मिळून सांगू.”

तो परत खाली उतरला. पावडर लावली, खोकला आला तसा बल्बखाली तोंड वर करून दोन मिनिटं थांबला. मग धुतली. टिपली. पिळली. दुसऱ्यांदा धुतली. तिसऱ्यांदा फडकं नाकाशी धरलं. वास नव्हता. चौथ्यांदा धुवायला हात बादलीकडं गेला होता, तो त्यानं आवरला.

वर आला तेव्हा टँकरवाल्यानं पाइप सोडला होता. चनबसाप्पा दारात फोनवर बोलत होते, गरजेपेक्षा मोठ्यानं. “संध्याकाळचा नको. एकच. हो, आता एकच लागतोय.” सोमशेखर कुठं दिसत नव्हता.

टाकी भरायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाळासो पायरीवर बसला नाही. त्यानं ब्रश धुतले, मोटरचा पाइप वेटोळं करून लुनाच्या मागं ठेवला. चनबसाप्पांनी पाचशेची नोट पुढं केली.

“सुट्टे बगा अण्णा. दीडशे.”

“चारशे तुझा दर हाय म्हणालास की.”

“आज उतरायच्या आधी दीडशे सांगितलंय मी.”

म्हातारा आत गेला आणि दीडशे घेऊन आला. ते बाळासोनं खिशात घातले. मग चनबसाप्पा टाकीशी गेले. गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले, झाकण एका हातानं सरकवलं आणि तांब्या आत बुडवला. पाणी अजून हलत होतं.

“बाळू,” ते म्हणाले.

बाळासो लुनाशी पाठमोरा वाकून दोरी बांधत होता. त्याला घोट ऐकू आले. मोठमोठे, घाईचे, मध्ये एकदा ठसका. तांब्या रिकामा करून सिमेंटवर ठेवल्याचा आवाजही आला. पावलं मात्र वाजली नाहीत. म्हातारा थांबला होता.

गाठ बसली होती. बाळासोनं ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.