टाकीवरचं रक्त

बुरुलचाला रक्ताचं वावडं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरची मदतनीस ती, अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेली बाई. पण उन्हात तापलेल्या मोटरसायकलच्या टाकीवर वाळलेलं, पिसं चिकटलेलं, माशा घोंघावणारं कोंबड्याचं रक्त पाहिलं की तिला किळस यायची. आणि त्याहून शिसारी यायची ती रक्त ओतणाऱ्या दिराची.

गाडी सासऱ्यांची. सोविएत काळातली, साइडकारवाली, त्यांच्या माघारी गोठ्यात धूळ खात पडलेली. नवरा मॉस्कोला बांधकामावर गेल्यावर बुरुलचाने ती बाहेर काढली आणि लसींची पेटी साइडकारमध्ये टाकून वरच्या कुरणांवर फिरायला लागली. सासूला, सैकालबाईला, ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यात गाडी वाटेत बंद पडू लागली. कधी चढावर, कधी सपाटीला, कधी आठवडाभर काहीच नाही. म्हातारीने निकाल देऊन टाकला.

"केलिन," म्हणजे सूनबाई, ती याच शब्दाने हाक मारायची, नावाने कधीच नाही, "माझा नवरा वरून बघतोय. सुनेने त्याच्या गाडीवर टांग टाकलेली त्याला खपत नाही."

यावर मोठा दीर ओरोज याचा उपाय रक्त दाखवायचा; गाडी गोठ्यातून निघाली त्या दिवशीच त्याने पहिलं ओतलं होतं. नवी गाडी आली की गावात सगळेच मेंढी कापून चाकाला रक्ताचं बोट लावतात. बोट. ओरोजचं बोटाने भागेना. मेंढी जिवावर येते म्हणून कोंबडा, आणि तो कापला की टाकीवरच उलटा धरायचा. गाडी पुन्हा बंद पडली की पुन्हा कोंबडा. रस्सा अर्थातच ओरोज ओरपायचा.

गावचा मिस्त्री मेल्स हा तर आणखी एक ताप. मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन यांची आद्याक्षरं जोडून बापाने नाव ठेवलेलं, आणि चौघांची मिळून अक्कल आपल्यालाच मिळाली अशा थाटात वावरणारा. एकदा "मिसिंग आहे" म्हणून त्याने प्लग बदलला. एकदा "कचरा आहे" म्हणून कार्ब्युरेटर उघडून फुंकला. शेवटी, "बाईच्या हाताला मशीन ओळख देत नाही," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

काल जेवताना सासूने शेवटचं सांगितलं. "उद्या बंद पडली तर संपलं. पेटी परत देऊन टाक. तंदूरपाशी माणूस लागतंच घरात."

पेटी एकदा परत गेली की जन्म त्या तंदूरपाशी जाणार, हे बुरुलचाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सकाळी पेटी न घेताच ती ओढ्यापलीकडे गेली. आज गाडी तिथे, कोणाच्या नजरेआड बंद पडावी, म्हणजे तिचा आजार कळेल, अशीच तिची इच्छा होती.

चढावर गाडी बंद पडली. एकदम नाही, खोकत खोकत, दम लागल्यासारखी. बुरुलचाने किक मारली नाही, आधी दिवा लावून पाहिला. लख्ख. म्हणजे करंट होता. मग टाकीचं झाकण फिरवलं, तर हवा सूं करून आत गेली, आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. तिने झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत जायचं बारीक भोक गच्च बुजलेलं, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. तिने खिशातली इंजेक्शनची सुई घालून खरवडलं. बाहेर आलं ते काळं, चिकट, कुजक्या वासाचं, आणि त्यात पिसाचा तुकडा.

परतीच्या दगडगोट्यांवर गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी खोकली नाही, गळा दाबल्यासारखी गप्प झाली. दिवाही गेला. म्हणजे आजार दोन होते, आणि मेल्सने दर वेळी नेमका चुकीचाच भाग उघडून पाहिला होता. तिने पान्याने बोल्ट सोडवून टाकी उचलली. खाली, गाडीच्या सांगाड्याला जिथे अर्थिंगची वायर आवळलेली असते, तिथे टाकीवरून ओघळलेलं रक्त थरावर थर साचून गंजाशी एकजीव झालेलं. वायर हलवली की दिवा लागायचा, सोडली की जायचा. तिने सुरीने तो घाणेरडा खपला लोखंड चमकेपर्यंत खरवडला आणि बोल्ट आवळला. ज्याने गाडी बरी करायची, त्यानेच ती मारली होती. एवढ्या मूर्ख माणसांत आपण राहतो याची तिला गाडीच्या वासापेक्षा जास्त किळस आली.

मग मुद्दाम सगळ्या दगडांवरून गाडी दामटली. हूं की चूं नाही. ओरोजच्या नाकाखाली धरायला म्हणून तिने तो काळा गोळा रुमालात बांधून घेतला होता.

दारात म्हातारी आणि ओरोज उभेच होते. ओरोजच्या बगलेत कोंबडा.

"तू गेल्यावर मी याचा नवस बोललो होतो," ओरोज म्हणाला. "नुसता बोललो तरी लागू पडला बघ."

बुरुलचाने गाडी बंद करून रुमाल उघडला. "भाऊजी, झाकणाच्या भोकात हे अडकलं होतं."

ओरोजने वाकून वास घेतला. त्याचा चेहरा खुलला. "रक्तच की! म्हणजे पार आतपर्यंत पोचलं."

"वरून त्यांनी मान्य केलं," सैकालबाई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "जा आता, केलिन. पेटी घे. तुला कोणी अडवणार नाही."

बुरुलचाच्या ओठांवर भोक, वायर, गंज, सगळं आलं होतं. ते बोलून टाकलं असतं तर ओरोज बरोबर ठरला नसता आणि पेटीही गेली असती. तिने ते गिळलं.

ओरोजने सुरी फिरवून कोंबडा टाकीवर धरला. बुरुलचाने झटकन झाकणावर तळहात दाबला आणि दुसऱ्या हाताने टाकीखाली रुमाल कोंबला. गरम रक्त बोटांमधून मनगटावर, तिथून बाहीत उतरलं.

म्हातारी बघत राहिली. सुनेने प्रसाद हातावर झेलला असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिने त्याच रक्तात बोट बुडवून बुरुलचाच्या कपाळाला लावलं.

"माझी पोर," ती म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच.

"हो, आई," बुरुलचा म्हणाली, आणि ओकारी आवरत तिने किक मारली.