रेस द्यायला माणूस

गाडीचा गरमीचा काटा लालपर्यंत चढतोय आणि हीटर लावला तर वारा थंडगार येतोय, म्हणजे पाण्यात हवा अडकलीय. हे कळायला मला मेकॅनिक लागत न्हाई. निम्मी हयात फौजेत गाड्या हाकण्यात गेली माझी. रेडिएटरचा पाइप बदलला तवा पाणी घाईनं ओतलं, तिथंच माशी शिंकली.

इलाज सोपा हाय. गाडीचं तोंड चढावर करायचं, इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, हीटर पूर्ण उघडायचा आणि गाडी चालू करून पाणी घालत राहायचं. पण हवा निघायला रेस द्यावी लागते. एकानं आत बसायचं, एकानं पाइप दाबत बुडबुडे बघायचे. आत माझी संयोगिता बसायची. "आवं, पुरं का आता? भाजी लागंल माझी," म्हणून वर मलाच झापायची. ती जाऊन वरीस झालं. तवापासनं या फाटकाच्या आत कोण आलं न्हाई. पहिल्या महिन्यात आले तेवढेच.

ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून बघितली. इंजिन बोंबलाय लागलं. धावत जाऊन वीट काढली आणि तिच्याच सीटवर बसून राहिलो. लय एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

समोर जैनुद्दीन राहतो, एसटीचा रिटायर कंडक्टर. त्याच्या तोंडाला ब्रेक न्हाई, म्हणून मी त्याला कायम लांब ठेवलेला. आज गेलो त्याच्या दारात.

"जैनुद्दीनभाई, जरा पाय पाहिजे होता तुमचा."

चप्पल न घालताच आला गडी. रेस देता देता सातारा-मिरज गाडीवरचे किस्से, नातीची शाळा, सगळं सांगत सुटला. बुडबुडे येत होते, पाणी खाली जात होतं, मी ओतत होतो. मग बुडबुडे थांबले. काटा मधोमध थांबला. आता हा उठणार, फाटक लागणार आणि मी परत त्या घरात एकटा.

"झालं का, सुभेदार?" त्यानं आतनंच विचारलं.

"न्हाई," मी म्हणलं. "हवा हाय अजून. उद्या परत बघावं लागंल."

जैनुद्दीननं काट्याकडं बघितलं. त्याचा हात हीटरच्या जाळीवर होता आणि तिथनं येणारा गरम वारा मला दाराशी उभ्यालासुदिक लागत होता.

"व्हय," तो म्हणाला, "लय हवा हाय. उद्या येतो. परवा बी यावं लागंल."